जमेची बाजू

घंटेचा लोळा घेऊन ती आली शनिवारी दुपारी.
वीज गेलेली. उद्यमनगरात वीज गेली
की लेथ थांबतात आणि माणसं ऐकू येतात.
"चर्चचा आहे. एका अंगानं झिजलाय."
हातानंच वजन केलं. सव्वादोन किलो.
अकरा वर्षं दर रविवारी हाच मला उठवायचा
आणि मी कूस बदलायचो.

"तुम्ही याकोब आवळे ना?"
मुलगी अबीगेल, नवी खजिनदार.
पिशवीतून तिनं लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली.
ती मीच आणली होती महाद्वार रोडवरून,
मी खजिनदार असताना.
"छपराला सगळ्यात मोठी देणगी तुमची.
म्हटलं, एवढा दाता माणूस, लोळ्याला नाही म्हणायचा नाही."

जमेच्या बाजूला, जांभळ्या शाईत:
याकोब आवळे यांजकडून, रोख, छप्पर निधी,
एकतीस हजार पाचशे.

एकतीस हजार पाचशे मी दिले नव्हते.
नेले होते.
शिरोलीच्या एका शेडमध्ये, पत्त्यांवर, तीन रात्रींत संपले.
उरलेल्या सुट्ट्या पैशांतून पहाटे
गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध प्यालो,
म्हशीच्या नजरेला नजर न देता.
पुढं कुणी विचारलं नाही.
मला वाटायचं, देवाची माणसं हिशेबात कच्ची.

अक्षर सलोमीबाईंचं.
दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स.
"मी जातो, मी येतो" म्हणणाऱ्या,
इथल्या जुन्या बायका म्हणतात तशा.
त्याच वर्षी कपिलतीर्थात भेटल्या होत्या, वांगी निवडताना.
"बारीक झालास की रं. जेवतोस न्हवं?"
मनगटं मोकळी. पाटल्यांच्या जागी
दोन गोऱ्या रेघा, ऊन न लागलेल्या.
मी वांग्यांकडं बघत राहिलो.

गुजरीत कुणीतरी त्या तोलल्या असतील, घट वजा केली असेल.
आणि वहीत नाव लिहायची वेळ आली
तेव्हा त्यांनी माझं लिहिलं.

"नोंद चुकीची आहे," मी म्हणालो.
अबीगेलनं बेरीज तपासली. "बरोबर आहे की."
"रक्कम बरोबर आहे. नाव चुकलंय."
ती हसली. तिला ते विनय वाटलं.

मंगळवारी पाकीट घेऊन गेलो, व्याजासकट.
खरं ते सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "पण पावती कशाची फाडू?
वहीत तुमच्याकडून येणं काहीच नाही."
तिथून दफनभूमीत.
सलोमीबाईंवर गवत, दगडाला तडा,
एक मुंगळा त्यांच्या नावातल्या मात्रेवर चढत होता.
मी चिडलो. अगदी मनापासून चिडलो.
माणसाला फेडू तरी द्यावं!

लोळा भरून, घासून, गोल केला.
बिल लावलं नाही.
मग वाटलं, ही पुन्हा परतफेडच.
लावलं. दोनशे ऐंशी. घेतले.
हे फार जड गेलं.

रविवारी शेवटचं बाक.
भाकरीचं ताट फिरत आलं.
माझ्या तळहाताच्या रेघांत कटिंग ऑइलचं काळं,
जे रॉकेलनंही निघत नाही.
हात मागं घेतला.
शेजारच्या म्हाताऱ्याला काही ठाऊक नव्हतं,
किंवा सगळंच असेल.
तो ताट धरून राहिला. पुढं देईना.
हात थरथरायला लागला त्याचा, तरी देईना.

घेतला.
लहानसा तुकडा, कडेचा, जरासा वाळलेला.
वर बघितलं.
पाटल्यांचं छप्पर.
त्याच्याखाली सगळे, आणि मी.